आई, त्याच्या शेजारी बसून जेव

ती. आईस,


दिवाळीत तू दोन दिवस आधीच गावी परत गेलीस. गंगाखेडच्या गाडीत बसवून देताना जावई म्हणाले, "राहायचं होतं अजून दोन दिवस," तर तू कापूस वेचायला माणसं मिळेनात म्हणून सांगितलंस. कापूस फुटला होता हे खरं, पण तू त्यासाठी गेली नव्हतीस. भाऊबीजेच्या दुपारी तू लेकराला मांडीत घेऊन वरणभात भरवत होतीस. तो मान फिरवत होता. तू एक घास मामाचा, एक आजोबांचा, एक गोठ्यातल्या वासराचा करत राहिलीस आणि वासराच्या घासाला त्याने सगळं ओकून टाकलं. मी तुझ्या हातातलं ताट ओढून घेतलं. भरल्या घरात, दादा-वहिनींसमोर म्हणाले, "आई, तुला किती वेळा सांगायचं?" तू काही बोलली नाहीस. पदराने त्याचं तोंड पुसलंस, फरशी पुसलीस आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीस.

किती वेळा सांगायचं असं मी म्हणाले खरी, पण मी तुला एकदाही सांगितलेलं नव्हतं. श्रावणापासून मी जे शिकत होते ते तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं. आज ते लिहिते. फोनवर सांगायला गेले तर मध्येच रडेन आणि तू "जाऊ दे गं" म्हणून विषय बदलशील. बारीक अक्षर तुला आता दिसत नाही, तेव्हा अंगणवाडीच्या ताईंकडून वाचून घे. त्यांनीही ऐकावं, आणि खिचडी शिजेपर्यंत ओट्यावर बसून राहणाऱ्या आज्यांनीही ऐकावं, म्हणून हे पत्र पाकिटात न घालता छापायला देते आहे.

आषाढात आमच्या घरी त्याच्या एका जेवणाला सव्वा तास लागत होता. मोबाइलवर कार्टून लावायचं, बघता बघता त्याचं तोंड उघडं राहिलं की घास आत सारायचा. तो घास गालात धरून बसायचा. मग पाण्याचा घोट, मग "गिळ", मग गॅलरीतलं कबुतर, मग जिना उतरून खाली गाड्या. शाळेत चाळीस पोरांना एका हाकेत रांगेत बसवणारी मी, घरी एका पोरामागे वाटी घेऊन फिरत होते. रात्री तो झोपला की पोळीचे गार तुकडे उभ्यानेच खायचे. त्याचं वजन घटतंय असं मला रोज वाटायचं. तू फोनवर पहिलं हेच विचारायचीस, "जेवला का?" आणि मी खोटं बोलायचे.

आधी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी कार्डावरचे जन्मापासूनचे ठिपके जोडून दाखवले. वजनाची रेष बारीक चालीने का होईना, वरच जात होती. रक्त मात्र कमी निघालं, हिमोग्लोबिन १०.४. तीन वर्षांच्या लेकराला ११ तरी हवं. लोहाचं औषध लिहून दिलं आणि म्हणाले, जेवणाचं जे तुम्ही सांगताय त्यावर माझ्याकडे बाटली नाही, घरात जेवताना काय होतं ते कुणीतरी बघायला हवं.

परभणीत माझ्या घरी येऊन बसेल असं माणूस मला सापडलं नाही. पुण्याला न्यायचं तर रात्रभराचा प्रवास, आणि तिथल्या दवाखान्यात तो जेवणार तरी कसा? माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या बहिणीने आपल्या स्वमग्न मुलीसाठी पुण्यातल्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंची मदत घेतली होती, तीही घरबसल्या, व्हिडिओ कॉलवर. तो नंबर मिळाला. श्रावणातल्या पहिल्या गुरुवारी रात्री नऊ वाजता मी ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून फोन उभा केला. तुला कळवलं नाही. परक्या बाईला पैसे देऊन पोराला जेवू घालायला शिकते आहे, हे ज्या आईने आम्हा तिघांना वाढवलं तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, असं वाटलं.

मला वाटलं होतं त्या पाककृती सांगतील, नाचणीचं सत्त्व कसं करायचं, पालक कशात लपवायचा. त्यांनी विचारलं, "जेवणाच्या वेळी तुमच्या घरात तुम्हाला काय बघायला आवडेल?" मी म्हणाले, त्याने भाजी-भाकरी खावी. त्या म्हणाल्या, "ते त्याचं झालं. तुमचं काय?" मला पटकन सुचेना. आणि मग तोंडातून निघालं, "मला गरम भाकरी खायची आहे." आई, हे बोलून मी फोनसमोर हमसून रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि वहीत ते लिहून घेतलं. गरम भाकरी. आमच्या पहिल्या भेटीचं उद्दिष्ट तेवढंच ठरलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी एका जेवणाचं थोडा वेळ चित्रण करायला सांगितलं, आणि ते मीच बघायचं. अकरा मिनिटांचं चित्रण मी त्यांच्यासोबत बघितलं. त्यात मी चौतीस वेळा "आ कर" म्हटलं होतं. चौतीस वेळा, मी मोजलं. नंतर त्यांनी एकच विचारलं, "त्याचे हात कुठे आहेत?" मी परत बघितलं. एक हात माझ्या काखेखाली दाबलेला, दुसरा मी मनगटाला धरलेला. अकरा मिनिटांत त्याचा हात एकदाही ताटाला लागला नव्हता. सव्वातीन वर्षांचं लेकरू, मातीत बोटं घालून खड्डे करतं, चपलेचा पट्टा स्वतः लावतं, आणि जेवताना त्याला हातच नव्हते.

तिसऱ्या वेळी त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं ते लिहायला लावलं. सकाळी ग्लासभर दूध. दहाला बिस्किटं. अकराला शेजारच्या काकूंकडे खारी. बाराला, नीट खात नाही म्हणून, परत दूध. एक वाजता ताट. चारला पाच रुपयांचा पुडा. झोपताना दूध. यादी वाचून दाखवताना मधेच मी थांबले. एक वाजता त्याला भूक लागणार कुठून? आणि दुधावरच पोट भरत राहिलं तर लोह मिळणार कुठून, दुधात ते नावालाच असतं. हे डॉक्टरांनी सांगितलं असतं तर मी मान डोलावून घरी आले असते. माझ्याच अक्षरातली यादी मला वाचावी लागली, म्हणून ते आत शिरलं.

या पद्धतीला त्या कोचिंग म्हणतात. अमेरिकेत कान्सास विद्यापीठाच्या विनी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांच्या आईवडिलांबरोबर हे काम केलं, पुढे व्हिडिओ कॉलवरूनही केलं. लेकराला थेट हात लावायचा नाही. आईबापाला विचारत राहायचं, त्यांच्याच घरातल्या वेळेतून आणि वस्तूंतून वाट निघू द्यायची. माणूस लांब असण्याचा इथे फायदा होतो हे मला नंतर उमगलं. त्या घरी आल्या असत्या तर मी पाहुण्यांचा चहा ठेवला असता, टेबल आवरलं असतं, पोराला नवा सदरा घातला असता. फोन बरणीला टेकून उभा राहिला, आणि त्याला आमचं स्वयंपाकघर जसं होतं तसंच दिसलं.

एका गुरुवारी फार पाऊस होता. चित्र अडकायला लागलं. मला वाटलं, गेले आजचे पैसे. त्या म्हणाल्या, "चित्र बंद करा, फोन तिथेच राहू द्या, तुम्ही जेवा. मी ऐकते." वीस मिनिटं आम्ही तिघं जेवलो. नंतर त्या म्हणाल्या, "आज मला पहिल्यांदा तुमच्या घरातली भांडी ऐकू आली. एरवी तुमचाच आवाज येतो."

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. चौथ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "एखादं जेवण बरं जातं का? कधी?" मी म्हणणार होते, कधीच नाही. मग आठवलं, मागच्या आठवड्यात लाईट गेली होती. टीव्ही बंद, फोनची बॅटरी संपलेली. आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून बसलो. काळोखात कोण किती खातंय ते दिसत नव्हतं. मी कंटाळून बोलणं सोडून दिलं होतं. त्याने दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी एकट्याने संपवली आणि वाडगा पालथा घालून वाजवत बसला. त्या म्हणाल्या, "अंधारात काय होतं, जे उजेडात नव्हतं?" मी बराच वेळ गप्प. आणि मला तू दिसलीस.

अंगणवाडी भरायची त्या समाजमंदिरात, दाराशी पोत्यावर बसलेली मी पाच वर्षांची, आणि तू मदतनीस. खिचडीचं पातेलं उतरवून पदराने घाम पुसणारी. पोरं घरून आणलेल्या थाळ्या-पितळ्या पुढे ठेवून ओळीत बसायची. तू प्रत्येकाला पळीभरच वाढायचीस, जास्त नाही. ज्याला हवं तो थाळी वर करायचा. हात धुतले का एवढं विचारायचीस. मग स्वतः खांबाला टेकून बसायचीस आणि त्यांच्याबरोबर वाटीभर खायचीस. वस्तीवरचा एक मुलगा नवीन आला होता, तुला आठवत असेल. चार दिवस तो थाळीकडे बघत नुसता बसला. सेविका ताई म्हणाल्या, भरव त्याला. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या ताई, बघू द्या त्याला." रोज त्याच्या थाळीत दोन शितं वाढायचीस आणि पुढे सरकायचीस. पाचव्या दिवशी त्याने शेजारच्या मुलीकडे बघितलं आणि जेवायला लागला. तू वळूनही पाहिलं नाहीस. मी पाहिलं होतं, तू पाठमोरी होऊन हसत होतीस.

आई, मी पैसे देऊन जे शिकत होते ते तू गावच्या लेकरांना वीस वर्षं दिलंस. पळीभर वाढणं, बाजूला होणं, सोबत बसून खाणं, वाट बघणं. फक्त घरी आलीस की तू वेगळी व्हायचीस. आम्हाला मांडीत दाबून, "खाय रं माझ्या राजा, दोनच घास ऱ्हायलेत" करत ताट चाटूनपुसून होईपर्यंत सोडायची नाहीस. गावच्या पोरांपुढे एवढा धीर धरणारी तू आमच्यापुढे का धरत नव्हतीस, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळतंय.

बहात्तरच्या दुष्काळात तू दहा वर्षांची होतीस. आजीचा हात धरून खडी फोडायच्या कामावर जायचीस. लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना तुटायची, ती तव्यावर कशी सांभाळावी लागायची ते तू कितीदा सांगितलंस. कामावर मिळालेली सुकडी निम्मी ओच्यात बांधून धाकट्या मामासाठी आणायचीस. मामाच्या बरगड्या मोजता यायच्या, हे तुझंच वाक्य. ज्या बाईने भावाच्या बरगड्या मोजल्या आहेत तिला ताटात उरलेला घास कसा बघवेल? आमच्या तोंडात तू कोंबलेला प्रत्येक जादा घास त्या वर्षातला होता. म्हणून भाऊबीजेला मी तुझ्या हातातून ताट ओढलं तेव्हा काय ओढलं, हे मला आता समजतं. त्याची माफी मागते.

त्याच वर्षी, १८ मे १९७२ला, परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. तिथूनच २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी निघाली, तिच्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. मिलो खाल्लेल्या जिल्ह्याने अशी ज्वारी काढावी याचा मला फार अभिमान वाटतो. पण भाकरी कितीही गुणाची असो, लेकराने ती हातात घेतली पाहिजे.

तुला काळजी वाटते की तो आधी बाळसेदार होता, आता अंगी लागत नाही. ऐक. पहिल्या वर्षात लेकराचं वजन तिपटीने वाढतं, तीनाचं नऊ किलो. त्यानंतर वर्षाला दोन किलोच्या आसपास. वाढ मंदावते तशी भूकही उतरते. नेमकं तेव्हाच आपण घाबरून घास वाढवतो. आणि दोन ते सहा या वयात लेकरू अनोळखी पदार्थाला बिचकतं, जगातलं बहुतेक प्रत्येक लेकरू बिचकतं. नवी भाजी ताटात दहा-पंधरा वेळा दिसावी लागते, मग ते तिला बोट लावतं. आपण तिसऱ्याच दिवशी ठरवून टाकतो की याला कारलं-भेंडी आवडत नाही. माझ्या लेकाने वांग्याच्या फोडीला बोट लावलं ते तेराव्या वेळी. नुसतं वास घेऊन ठेवून दिली. मी काही बोलले नाही. तुझ्यासारखी पाठ फिरवली.

लिॲन बर्च नावाच्या अमेरिकन संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ सालचा एक प्रयोग त्या थेरपिस्ट बाईंनी मला सांगितला. लहान मुलांना सूप दिलं, काही वेळा "संपव, संपव" म्हणत, काही वेळा काहीही न म्हणता. न म्हणता दिलं तेव्हा मुलं जास्त प्यायली, कुरकुरलीही कमी. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी १९८०च्या दशकातच सांगून ठेवलंय की काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे लेकराने. मला ही वाटणी सुरुवातीला पटली नाही. किती खायचं ते तीन वर्षांचं पोर ठरवणार? पण तू वस्तीवरच्या त्या मुलाला तेच ठरवू दिलं होतंस.

आणि हे सगळं अमेरिकेचंच आहे असं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या ६० खेड्यांत हे करून बघितलं आणि २०१३ साली प्रसिद्ध केलं. गावातल्याच बायका शिकवून तयार केल्या. त्या घरोघरी जायच्या. काही गावांत वरचं अन्न काय द्यावं एवढंच सांगितलं, काही गावांत त्याबरोबर लेकराच्या खुणा ओळखून, बोलून-खेळून कसं भरवावं हेही. जिथे हे दुसरं शिकवलं तिथली लेकरं बुद्धीच्या वाढीत पुढे दिसली. शिकवणाऱ्या तुझ्यासारख्याच होत्या, लुगड्याचा पदर खोचून गल्लीतून फिरणाऱ्या.

एका गोष्टीत मात्र घोळ करू नकोस, आणि ताई, तुम्हीही हे दोनदा वाचा. लेकरू ठरवेल म्हणून वाऱ्यावर सोडायचं नाही. सहा महिन्यांच्या, वर्षाच्या बाळाला भरवावंच लागतं, सावकाश, त्याच्या डोळ्यात बघत. जे लेकरू अतितीव्र कुपोषित निघालं, त्याला ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून पुन्हा पुन्हा थोडं थोडं द्यावं लागतं, तिथे तुम्ही ते मापाने करता आणि ते बरोबरच आहे. ज्याचं वजन खाली येतंय, जे घासागणिक ठसकतं, ज्याला गिळताना दुखतं, जे दोन-तीन पदार्थांपलीकडे काहीच तोंडात घेत नाही, त्याला हट्टी म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. मी आधी वजन, रक्त आणि कार्ड बघून घेतलं, मगच वाटी खाली ठेवली.

आमच्याकडे बदललं ते थोडंच. दूध दिवसाला दोन छोटे पेले. दोन खाण्यांच्या मध्ये तीन तासांच्या आसपास काही नाही, पाणी हवं तेवढं. जेवताना तिघं खाली बसतो. फोन आणि टीव्ही बंद. ताटात एक तरी ओळखीची गोष्ट असते, वरणभात किंवा धपाटं, आणि बाकी आम्ही जे खातो तेच, चमचाभर. पंचवीस मिनिटांनी ताटं उचलतो, उरलं तर उरलं. पहिले आठ दिवस त्याने जवळजवळ काही खाल्लं नाही आणि माझ्या पोटात गोळा आला. दोनदा मी चोरून बिस्किट दिलं, ते मी गुरुवारी कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. "बिस्किट दिल्यावर तुम्हाला कसं वाटलं?" एवढंच. आता तो वरणफळं हाताने खातो, शेंगदाण्याची चटणी भाकरीवर स्वतः घेतो. पालक अजून नाही. काही दिवस चारच घास खातो. पण ओकत नाही, आणि मी गरम भाकरी खाते.

तू म्हणशील, एवढा फोनवाल्या बाईचा मोठेपणा कशाला. मला त्यांच्यापेक्षा त्या पद्धतीचं मोल वाटतं, आणि ती आपल्या गावात यावी असं वाटतं. फोन तर घरोघर पोचलाय. आरोग्य खात्याचे 'किलकारी'चे फोन २०२४ पासून आपल्या राज्यातही येतात, गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून लेकरू वर्षाचं होईपर्यंत. कोरोनात फोनवरून पोषणाची माहिती देणारं 'तरंग सुपोषित महाराष्ट्राचा' आलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये डॉ. रूपल दलाल यांनी तयार केलेले अंगावर पाजण्याचे, वरच्या आहाराचे धडे मराठीत आहेत, आणि ते फार चांगले आहेत. पण हे सगळे फोन सांगतात. विचारणारा फोन अजून आलेला नाही.

आणि तो सगळ्यात जास्त कुणाला हवा आहे? दसरा झाला की आपल्या भागातली जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर जातात. किती लेकरं पाच-सहा महिने आजीजवळ राहतात ते तू रोज बघतेस. त्या आज्या तुझ्याच वयाच्या, बहात्तर बघितलेल्या, आणि त्यांच्या मांडीवर दुसऱ्याची अमानत आहे. लेकरू रोडावलं तर चैत्रात सून काय म्हणेल, या धसक्याने त्या भरवतात. फडावरून आईचा फोन येतो तेव्हा तीही एकच विचारते, "जेवलं का?" आजी मी बोलायचे तसंच खोटं बोलते. त्या दोघींच्या मध्ये आठवड्यातून एकदा कुणीतरी बसावं, ऐकावं, "त्याचे हात कुठे आहेत" असं विचारावं. मी जे पैसे दिले ते त्यांना परवडणार नाहीत, त्यांनी ते द्यायचेही नाहीत. परभणीच्या विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. आपण त्याला गृहविज्ञान म्हणायचो. तिथे अन्न-पोषण शिकवतात, बालविकास शिकवतात. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींनी आठवड्याला दोन आज्यांशी तासभर बोलायचं ठरवलं, अंगणवाडी ताईंनी फोन धरला, तर हे परभणीत होऊ शकतं. विद्यापीठातल्या जाणत्या माणसांनी हे पत्र वाचलं तर माझी त्यांना ही हात जोडून विनंती आहे. मुलींना शिकवायला एखादी माजी मदतनीस लागली तर माझी आई आहे. गुडघे दुखतात, पण तोंडाने शिकवेल.

आता तुला. भोगीला ये. बाजरीची भाकरी तीळ लावून तूच कर, माझी फुगत नाही. लेकुरवाळी भाजीही तूच कर. त्याच्यासाठी वेगळं काही नको. पाट मांडून त्याच्या शेजारी बस आणि तू जेव. तू खातेस ते त्याला बघू दे. त्याने वांग्याची फोड बाजूला काढली तर काढू दे. तुझा हात त्याच्या ताटाकडे जाईल, मला माहीत आहे, माझाही अजून जातो. तेव्हा त्याला गोठ्यातल्या वासराची गोष्ट सांग, घासाशिवाय. ती त्याला फार आवडते, दिवाळीनंतर तो रोज विचारतो, वासरू काय करतंय, आजी काय करतेय.

आणि येताना माझी लहानपणीची पितळी घेऊन ये, अंगणवाडीत मी जिच्यात जेवायचे ती. माळ्यावर तांब्याच्या घागरीजवळ असेल. कल्हई इथे करून घेऊ.

तुझी,
लेक